आमचा फोन सध्या डॉक्टरांकडे आहे

१० एप्रिल, रविवार

आज सकाळी देवळाचं दार उघडलं, समुद्राची देवी मात्सू, तिच्यापुढचा कालचा चहा ओतून ताजा ठेवला आणि धूपपात्रातली राख चाळायला बसलो. राख चाळताना माझं मन शांत असतं. आज अर्ध्यातच सरपंच त्साओ दादा आले. देवीला हात जोडले न जोडले तोच म्हणाले, "आ-फा, तुझ्या घरचा तो तारेचा फोन चालू आहे ना अजून?"

"आहे. आईसाठी ठेवलाय."

"शाबास. बैस इथे."

मी बसलेलाच होतो.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला एकदा ऐकून कळलं नाही, म्हणून इथे लिहून बघतो. जानेवारीत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे. पक्षातर्फे दोघांना उभं राहायचंय. एक आपल्याच जिल्ह्यातले डॉक्टर हुंग, दुसऱ्या उत्तरेकडच्या महापौर बाई. त्यांतला कोण, हे पक्षाची माणसं ठरवणार नाहीत. लोकांना फोन करून विचारणार. अठरा तारखेच्या सोमवारपासून शुक्रवारपर्यंत, रोज संध्याकाळी. ज्याला जास्त लोक हवा म्हणतील तो उमेदवार. आणि विचारणार फक्त घरच्या फोनवर, मोबाइलवर नाही.

"राजधानीत, तैपेला, एक यंत्र बसवलंय, ते वाटेल तो नंबर उचलतं," दादा म्हणाले. "गावात घरचे फोन उरलेत किती? पोरांनी सगळे काढून टाकले. तुझा आहे म्हणजे सोनं आहे सोनं. वाजला की एकच बोलायचं, फक्त डॉक्टर हुंग. दुसरा चालेल का म्हणून विचारतील, नाही म्हणायचं. तिसरं काही विचारतील, तरी फक्त डॉक्टर हुंग."

मी म्हणालो, "पण दादा, महापौर बाईही बऱ्या वाटतात. टीव्हीवर हळू बोलतात, समोरच्याचं ऐकून घेतात."

"हळू बोलून समुद्र मागे जातो का?"

गाव खचतंय. उधाणाचं पाणी आता देवळाच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येतं. डॉक्टरांनी बांध घालून देतो असा शब्द दिलाय. दादांचं स्वतःचं घर तर रस्त्याहून खाली गेलंय, ते जिना उतरून दारात शिरतात.

विचार करतो म्हणालो. दादा म्हणाले, "विचार कसला करतोस? वाजला की उचल."

१२ एप्रिल, मंगळवार

पंचायतीच्या सभागृहातून आज सगळ्या घरांना सरावाचे फोन केले. फोन करायला मेइ-च्यू होती. केस कापण्याचं दुकान चालवते, सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन गावात आली, आवाज खणखणीत. आमच्याकडे आईने उचलला. आई ओटीवर फोनजवळच कालवं फोडत बसते. त्याची तार मीच मागे लांब करून दिली होती.

मेइ-च्यू म्हणाली, "नमस्कार, मतचाचणीसाठी बोलतेय. तुमची पसंती कोणाला?"

आई म्हणाली, "आधी सांग, जेवलीस का?"

"आजी, डॉक्टर हुंग म्हणायचं."

"डॉक्टर कशाला? मला काही झालेलं नाही."

"म्हणायचं नुसतं!"

"बरं वाटत असताना डॉक्टरचं नाव घेऊ नये बाई. आणि लवकर ठेव, दुसऱ्या कोणाला लावायचा असेल तर?"

मेइ-च्यूने हे सभागृहात सगळ्यांना ऐकवलं. संध्याकाळी घरी येताना वाटेत जो तो मला "जेवलास का?" विचारून हसत होता. मीही हसलो. पण आई दुसऱ्या कोणाचं म्हणत होती? तिला फोन करणारं आता कोण उरलंय? बेइगांगची मावशी करत असेल अधूनमधून. मागे अमावास्येनंतरच्या पहिल्या तिथीला मी जेवायला घरी आलो, तेव्हा आई फोनवर म्हणत होती, "दोघं जेवलात का?" मावशी आणि काका असतील.

आई पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला मांस-मासळी खात नाही आणि घराबाहेरही पडत नाही. त्या दिवशी दुपारपासून फोनपाशी असते. वय झालं की माणसाला एक जागा लागते.

१४ एप्रिल, गुरुवार

दादा म्हणतात, "तुझ्या आईने उचलला तर आपलं एक मत पाण्यात. तू देवळात, तुझी पी-युन ओहोटीला कालवांच्या बागेत. मग उचलणार कोण?" त्यांनी तोड काढलीय. अशा घरांचे फोन पाच दिवसांसाठी वळवायचे. घरच्या फोनवर काही आकडे दाबले की येणारा फोन थेट सभागृहातल्या मोबाइलवर वाजतो. तिथे शिकवलेली माणसं बसलेली. प्रत्येक मोबाइलवर घराचं नाव चिकटवलेलं.

"हे खोटं नाही का?" मी विचारलं.

"खोटं कसलं? तू त्यांना मत दिलंस की नाही?"

"दिलं नाही अजून."

"देणार आहेस ना? मग मेइ-च्यू तुझ्या वतीने बोलतेय एवढंच. देवीच्या वतीने तू नाही का बोलत?"

मी देवीच्या वतीने कधी बोलत नाही. कोणी कौल लावायला आला की चंद्रकोरीचे दोन लाकडी तुकडे त्याच्या हातात देतो, नाव-गाव-जन्मतिथी सांगून एकच सरळ प्रश्न विचार म्हणतो आणि बाजूला होतो. एक तुकडा उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार. दोन्ही उताणे पडले तर देवी हसली. म्हणजे प्रश्नच नीट विचारला नाहीस, पुन्हा विचार.

दुपारी देऊळ रिकामं होतं, तेव्हा मीच कौल लावला. फोन वळवू का, असं विचारलं. देवी हसली. गावासाठी वळवू का? हसली. पाचच दिवस वळवू का? तेव्हाही हसली. तीनदा हसलेला कौल मी फारसा पाहिलेला नाही.

घरी बायकोला सांगितलं. पी-युन कालवांच्या ढिगापाशी बसली होती. वर न बघता म्हणाली, "देवीला विचारलंस. सरपंचाला विचारलंस. आईंना विचारलंस?"

"आईला काय विचारायचं? तिला मतचाचणी म्हणजे काय तेही ठाऊक नाही."

"मग नको विचारूस," ती म्हणाली आणि सुरी जोरात घुसवली. शिंपला दोन तुकडे होऊन उडाला.

ती का चिडली ते कळलं नाही.

१७ एप्रिल, रविवार

दादा आज घरी आले. ओटीवर उभं राहून समोर बोट दाखवलं. भरतीची वेळ होती. अंगणाच्या कडेला पाणी चकाकत होतं. "पुढच्या वर्षी हे इथे असेल," म्हणाले आणि पायाने उंबरा दाखवला. "तुझ्या बाबांनी बांधलेलं घर आहे, आ-फा."

मी हो म्हणालो. शब्द दिला. दादांनी खिशातून चष्मा काढून आईच्या फोनवर भराभर आकडे दाबले, कानाला लावून ऐकलं, मान डोलावली. "झालं. पूर्वजांना उदबत्ती लाव."

आई परसात कालवं धूत होती. मी तिला मोठ्याने सांगितलं, "आई, पाच दिवस आपला फोन वाजणार नाही. तो सध्या डॉक्टरांकडे आहे."

"कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. गावाच्या कामासाठी दिलाय. शनिवारी परत मिळेल."

तिने हात पुसले. मग विचारलं, "पौर्णिमा कधी?"

"गुरुवारी."

ती पुन्हा कालवांपाशी बसली आणि लगेचच तिने बोट कापून घेतलं. इतकी वर्षं फोडतेय, कधी कापलं नव्हतं. तिच्या डोळ्यांना तपासून घ्यायला हवं.

१८ एप्रिल, सोमवार

चाचणीचा पहिला दिवस. सभागृहात जत्रेसारखी गर्दी होती. देवळाकडून वाफवलेल्या गोड पोळ्यांची टोपली घेऊन गेलो. लांब टेबलावर मोबाइल ओळीने मांडलेले, मागे बायका बसलेल्या, भिंतीवर मोठ्या अक्षरांत फक्त डॉक्टर हुंग. एक वाजला की सगळे श्वास रोखतात. आज वाजले ते बहुतेक लग्नाला मुली आहेत का, विमा हवा का, असले. मेइ-च्यू विमावाल्यालाही फक्त डॉक्टर हुंग म्हणाली. तो म्हणाला, "बाई, त्यांचाही विमा काढू." हसून हसून पुरेवाट झाली.

कांग हे आमचं आडनाव चिकटवलेला मोबाइल एका कोपऱ्यात होता. मला उगीच चुकल्यासारखं झालं. देवघरातली मूर्ती शेजाऱ्याच्या फडताळात दिसावी तसं.

१९ एप्रिल, मंगळवार

आईने आज दोनदा फोन उचलून कानाला लावला. "आवाज तर येतोय," म्हणाली. मी पुन्हा समजावलं, इथून बाहेर लागतो, पण बाहेरचा इथे येत नाही. ती म्हणाली, "मला बाहेर कुठे लावता येतो? मला आकडे कुठे वाचता येतात?"

खरं आहे. पण तिला लावायचा तरी कोणाला असेल? मावशीला हवा तर मी लावून देतो म्हणालो. नको म्हणाली.

२१ एप्रिल, गुरुवार, पौर्णिमा

आज देवळात गर्दी होती. पुढच्या शुक्रवारी देवीचा वाढदिवस, पालखीची तयारी, शिवाय जो तो डॉक्टरांसाठी उदबत्ती लावून जात होता. त्यांतला एकजण महापौर बाईंसाठी लावून गेला, पण माझ्या कानात सांगून.

दुपारी घरी गेलो तर आई केस विंचरून, निळी सुती बंडी घालून फोनपाशी बसली होती. पुढ्यात कालवं नव्हती. रताळ्याची पेज तशीच, वर साय धरलेली. मी म्हणालो, "आई, आज नाही वाजणार. सांगितलं ना?"

"ठाऊक आहे."

"मग जेव."

"बसू दे मला," ती म्हणाली.

आई माझ्याशी कधी अशी बोलत नाही. पी-युनकडे पाहिलं तर ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? फोन मी नाही दिला."

संध्याकाळी देवळातून आलो तेव्हाही ती तिथेच होती. अंधार झाला तरी ओटीवरचा दिवा कोणी लावला नव्हता. मी लावला. मी काहीतरी चुकलोय हे दिसतं, पण काय ते दिसत नाही. गावाच्या भल्यासाठी पाच दिवस फोन दिला, त्यातले चार संपलेही. राग धरण्यासारखं यात काय आहे?

२२ एप्रिल, शुक्रवार

दुपारी लिहितोय.

सकाळी मेइ-च्यू उदबत्ती लावायला आली. आज शेवटचा दिवस, दोघं अगदी बरोबरीने चाललेत असं पक्षाच्या माणसाने सांगितलं म्हणे. प्रसाद घेताना तिला हसू फुटलं.

"फा दादा, काल तुमच्या नावाच्या फोनवर एक गंमतच झाली. दुपारी जेवणाच्या वेळेलाच वाजला, मला वाटलं आज चाचणी लवकर सुरू केली. मी उचलल्या उचलल्या, फक्त डॉक्टर हुंग! पलीकडे एकदम चूप. मग म्हणतो, कांगांचंच घर ना? मी म्हटलं, हो, कांगांचंच, आणि कांगांच्या घरात सगळे डॉक्टर हुंगच. तर म्हणतो, आई आहे का? मला वाटलं, घरात कोण कोण आहे ते विचारतोय, तसं विचारतात ना ते. म्हटलं, आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तीही डॉक्टर हुंगच. मग जरा थांबून म्हणाला, मी आ-तेक. मी ओळखलं, हा महापौर बाईंचा माणूस, मध्येच तिसरं नाव घालून आपल्याला फसवतोय. शिकवलंय ना आपल्याला, दुसरा चालेल का विचारलं तर नाही म्हणायचं! मी ठणकावून सांगितलं, आ-तेकबितेक आमच्याकडे कोणी नको, फक्त डॉक्टर हुंग! ठेवूनच दिला त्याने. बरोबर बोलले ना?"

मी हातातली टोपली खाली ठेवली. आ-तेक माझा धाकटा भाऊ.

मेइ-च्यूला ते ठाऊक असायचं कारण नाही. ती येण्याच्या बऱ्याच आधी तो गेला. ठरलेलं लग्न त्याने मोडलं, काओश्युंग शहरात एका मित्राबरोबर राहतो म्हणाला. यात बाबांनी एवढं चिडण्यासारखं काय होतं ते मला तेव्हाही समजलं नव्हतं. पण चिडले. त्याचं नाव या घरात काढायचं नाही म्हणाले. आम्ही नाही काढलं. बाबा गेले त्यालाही आता तीन वर्षं झाली, तरी नाही काढलं. बाबांचा तो शब्द कोणी मोडायचा हेच कधी ठरलं नाही.

घरी येऊन पी-युनला बाजूला घेतलं. म्हणालो, "काय विलक्षण योगायोग बघ. इतक्या वर्षांनी आ-तेकचा फोन आला आणि तोही नेमका याच आठवड्यात."

पी-युन माझ्याकडे बघत राहिली. मग सुरी बादलीत टाकली.

"योगायोग? अरे, पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला, दर महिन्याला दोनदा येतो त्याचा फोन. तू दुपारी देवळात असतोस त्या वेळेला. बाबा होते तेव्हापासून."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलंस? आई त्या दिवशी तिथेच का बसतात, हे कधी आलं तुझ्या मनात?"

"मला वाटलं, उपास..."

"उपास!" ती म्हणाली. मग हळू म्हणाली, "आईंना वाटतं, तू बाबांच्या शब्दाबाहेर जाणार नाहीस. उगीच तुझ्या जिवाला घोर नको म्हणून नाही सांगितलं."

मेइ-च्यू काय बोलली ते मी तिला सांगितलं. पी-युनने तोंडावर हात घेतला. कालवांचा चिखल गालाला लागला. म्हणाली, "आता तो पुन्हा करेल का रे?"

तेच तर मला कळत नाही. घरच्या फोनवर त्याने आपलं नाव सांगितलं आणि घरच्या फोनने त्याला, तू नको, असं सांगितलं. तो आवाज कोणाचा हे त्याला कसं कळणार? त्याचा नंबर आईकडे नाही, पी-युनकडे नाही. तोच लावायचा, तोच ठेवायचा.

एकीकडे दादांना दिलेला शब्द आहे. पाणी उंबऱ्याशी आलंय हेही खरं आहे, त्यात दादा खोटं बोलत नाहीत. आज शेवटची संध्याकाळ, एकेक फोन मोलाचा. उद्या तर आपोआप परत मिळणार आहे. एक रात्र थांबायला काय हरकत? पण काल रात्री त्याला झोप लागली असेल का?

कौलाचे तुकडे हातात घेतले होते. पुन्हा ठेवून दिले. देवी गेल्या आठवड्यात तीनदा हसली तेव्हा मला वाटलं होतं की मी शब्द चुकवतोय. शब्द ठीकच होते. ज्याला विचारायचं तो माणूस चुकला होता.

मघाशी आईजवळ जाऊन बसलो. आज तिने कालवं घेतली होती, पण फोडत नव्हती. मी म्हणालो, "आई, फोनचं काय करावं? तुला काय वाटतं?"

तिने हातातलं कालव खाली ठेवलं. मग म्हणाली, "आत्ता विचारतोस होय?"

"आत्ता सुचलं."

"मला माझा फोन हवा, फा."

सहा वाजता सभागृहात जाणार आहे. दादांना काय सांगायचं ते ठरत नाही.

२३ एप्रिल, शनिवार

दुपारी टीव्हीवर निकाल सांगितला. महापौर बाई उमेदवार झाल्या. अंतर इतकं थोडं की बातमी वाचणाऱ्या मुलीने आकडा दोनदा वाचला. गावात कोणी फटाके उडवले नाहीत. दादा देवळात आले, उदबत्ती लावली, माझ्याकडे न बघता गेले. जाताना दुसऱ्या पायरीवर थांबून पाण्याची जुनी खूण पाहिली. मला त्यांच्यामागे जावंसं वाटलं. गेलो नाही. काल जे झालं ते आधी लिहितो.

मी सभागृहात गेलो तेव्हा चाचणी सुरू व्हायची होती. दादांना बाहेर बोलावलं आणि म्हणालो, "माझा फोन मला परत हवा."

"उद्या."

"आज. आत्ता."

"वेड लागलं का? शब्द दिला होतास ना?"

"दिला होता. तो मोडायला आलोय."

"काय झालं? बाईंच्या माणसांनी गाठलं तुला?"

"आ-तेकचा फोन आला होता," मी म्हणालो. ते नाव मी मोठ्याने घेतलं त्याचं मलाच नवल वाटलं. दादांनी ते ओळखलं. दादा आणि बाबा एकाच होडीवर होते.

ते जरा नरमले, पण म्हणाले, "माणूस उद्याही बोलतो, आ-फा. समुद्र थांबत नाही. एका फोनने डॉक्टर पडले तर?"

"तर माझ्यामुळे पडले."

"लोकांना हेच सांगू?"

"सांगा."

त्यांनी हात झटकला आणि आत गेले. ते चूक नव्हते, हे मी अजूनही मानतो.

मेइ-च्यू दारातून ऐकत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "फा दादा, मला खरंच ठाऊक नव्हतं हो! मी त्यांना काय काय बोलले!" मी म्हणालो, तुझा दोष नाही, तुला शिकवलं तेच तू बोललीस. ती आत जाऊन आमचा मोबाइल घेऊन आली. कालचा नंबर त्यात होता. कागद सापडेना, म्हणून तिने पेनाने माझ्या डाव्या तळहातावर आ-तेकचा नंबर लिहिला आणि उजव्यावर फोन मोकळा करायचे आकडे. दोन्ही मुठी मिटून घरी चालत आलो. घाम येऊन पुसले जातील अशी धास्ती वाटत होती.

आई ओटीवर होती. पी-युन तिच्यामागे उभी. मी उजव्या हातावरचे आकडे दाबले. फोन खाली ठेवला न ठेवला तोच तो वाजला.

आईने झडप घातली. "तेक?" मग तिचा चेहरा उतरला आणि तिने फोन माझ्याकडे दिला.

एका मुलीचा आवाज होता. नमस्कार म्हणाली, पक्षाच्या मतचाचणीसाठी बोलतेय, आपण कोणत्या गावचे, वय काय, दोन मिनिटं आहेत का. अख्खा आठवडा गाव जिची वाट बघत होतं ती ही मुलगी. सभागृहातून लाउडस्पीकरवर दादांचा आवाज ऐकू येत होता, घराघरात फोनजवळ राहा म्हणून. मला नुसतं एक नाव उच्चारायचं होतं. मोडलेला शब्दही त्याने सांधला गेला असता.

मुलीने दोन्ही नावं वाचली. मी म्हणालो, "डॉक्टर बांध घालतील म्हणतात. बाई ऐकून घेतात. मला अजून ठरवता आलेलं नाही."

"काका, एकच सांगायचं असतं."

"मग खरंच माहीत नाही, मुली."

"मत नाही, असं लिहू?"

"मत आहे. ठरलेलं नाही."

"तसा रकाना नाही हो," ती म्हणाली. बिचारी दमलेली वाटली.

"मग मत नाही लिही. जेवलीस का?"

ती हसली. नाही म्हणाली, अजून खूप नंबर बाकी आहेत. मी फोन ठेवला. पी-युन माझ्याकडे बघत होती.

मग डावा हात उघडला. एक आकडा पुसट झाला होता, सात की एक ते कळेना. सात धरून लावला, बरोबर निघाला. बराच वेळ वाजत राहिला. उचलला तो आ-तेक नव्हता. कोणी दुसराच पुरुष होता, सौम्य आवाजाचा. मी म्हणालो, "मी आ-फा. आ-तेकचा मोठा भाऊ." त्याने फोन बाजूला धरला. मग तो लांब कोणाला तरी म्हणाला, "तेक, घरून आहे. दादा आहेत." आमच्या घराला त्याने नुसतं घर म्हटलं.

आ-तेक आला. "हं," एवढंच म्हणाला.

खूप बोलायचं होतं. चाचणी, वळवलेला फोन, मेइ-च्यू. सगळं एकदम सांगायला गेलो आणि त्याचा गुंता झाला. तो मध्येच म्हणाला, "दादा, म्हणजे तो आवाज आपल्या घरातला नव्हता?"

"नव्हता रे. आपल्या घरात कोणाला तुझ्याबद्दल विचारलंच नव्हतं."

त्याने नाक ओढल्याचं ऐकू आलं. मी फोन आईला दिला. तिने दोन्ही हातांनी धरला आणि पहिलं काय विचारलं, तर, "दोघं जेवलात का?"

मग ती किती तरी वेळ बोलत राहिली. त्या वेळात आमच्या घरी कोणी काही विचारायला फोन केला असेल तर त्याला तो लागला नसेल. लाउडस्पीकर चालूच होता. मी बाबांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली. त्यांना कौल लावला नाही, नुसतं सांगितलं.

आईचं बोलणं संपत आलं तेव्हा तिने मान वर करून मला विचारलं, "अजून काही सांगायचंय?"

त्या दोघांतला दुसरा कोण, ते मला नीटसं कळलेलं नाही. पी-युन म्हणते, समोर आले की कळेल. मी आईच्या हातातून फोन घेतला आणि म्हणालो, "शुक्रवारी देवीचा वाढदिवस आहे. ओटीवर टेबल मांडतो. दोघेही या."